खाण्याच्या आजारासाठी पुण्यात थेरपिस्ट शोधताय? माझा अनुभव, फी आणि वेटिंगसकट

एरंडवण्यात कर्वे रोडवरून आत वळलं की एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बसतात. त्यांच्याकडे मी बुलिमियासाठी जातेय, वर्ष होत आलं, आणि हा रिव्ह्यू त्यांच्या थेरपीचा आहे. नाव लिहीत नाहीये, कारण त्या स्वतः कुठे जाहिरात करत नाहीत आणि त्यांना न विचारता नाव टाकणं मला बरोबर वाटत नाही, आणि तसंही एकीला जमलेला थेरपिस्ट दुसरीला जमेलच असं नसतं. पण तिथे काय होतं, कसं होतं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्ही औंधात जा, हडपसरला जा नाहीतर घरबसल्या ऑनलाइन कुणाशी बोला, समोरच्या माणसाला हा आजार कळतोय की नाही ते ताडून बघता येईल. पुण्यात थेरपिस्ट चिक्कार आहेत हो. तुमच्या वजनाकडे बघून निकाल न देता तुमचं खाणं नीट ऐकून घेणारा माणूस मिळणं अवघड आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्याबद्दलच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुलिमियात माणूस आधी स्वतःला उपाशी ठेवतो, डाएट म्हणा काही म्हणा, मग कधीतरी थोड्या वेळात भराभरा खूप खाल्लं जातं, थांबावंसं वाटत असतं पण थांबता येत नाही, आणि नंतर ते अंगाला लागू नये म्हणून उलट्या, नाहीतर जुलाबाच्या गोळ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कडक उपास, नाहीतर जिममध्ये मरमर. डॉक्टरांच्या निकषाप्रमाणे हे आठवड्यातून निदान एकदा आणि सलग ३ महिने होत असेल तर तो आजार धरतात. १९७९ साली लंडनमध्ये जेराल्ड रसेल या डॉक्टरांनी त्याला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिलं, म्हणजे काही कालपरवाचं इन्स्टाग्रामचं खूळ नाहीये हे. आणि यातल्या बऱ्याच जणांचं वजन अगदी नॉर्मल असतं, काहींचं जास्तही असतं. लोकांच्या डोक्यात मात्र खाण्याचा आजार म्हणजे हाडाची काडं झालेली मुलगी. तशी नसलीस तर तुला काहीच झालेलं नाही.

याआधी मी जिथे गेले त्यांची नावं घेणार नाही पण काय झालं ते सांगते, कारण तुमच्याही बाबतीत होऊ शकतं. एका काउन्सेलरने पहिल्याच भेटीत मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, अगं तुझी फिगर तर छान आहे की, मग प्रॉब्लेम काय? त्यानंतर मी उलट्यांचं काही बोललेच नाही, ऑफिसच्या ताणाबद्दल बोलून परत आले. एका डाएटिशियनने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि संध्याकाळी सातनंतर काही खायचं नाही असा वेट लॉसचा चार्ट हातात दिला, ज्याला रात्री अकराला स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडायची सवय आहे त्याला सातला तोंड बंद करायला सांगितलं तर अकराला काय होणार ते सांगायला नको. आणि एका ऑनलाइन अॅपवर तर दर वेळी नवीन व्यक्ती, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. माणसं वाईट नव्हती कुणीच. पण तू खाल्ल्यावर काय करतेस, हा साधा प्रश्न एकाही ठिकाणी आला नाही, आणि हा प्रश्न कुणी विचारल्याशिवाय आपण होऊन सांगणं किती कठीण असतं हे ज्याला हा आजार आहे त्यालाच कळेल, शरमेने जीभच उचलत नाही.

आता या मॅडमबद्दल.

आधी फोन केला. त्या फोन स्वतः उचलत नाहीत, मेसेज टाकायचा, मग संध्याकाळी त्या दहा मिनिटांसाठी कॉल करतात आणि त्या कॉलचे पैसे घेत नाहीत. मी तयारीने बसले होते. विचारलं, तुम्ही खाण्याचे आजार असलेले पेशंट बघता का, कुठली पद्धत वापरता, डॉक्टरबरोबर मिळून काम करता का आणि माझं वजन कमी करून द्याल का. शेवटचा प्रश्न मी मनापासूनच विचारला होता, तेव्हा मला तेच हवं होतं. त्या म्हणाल्या, हो बघते, आत्ताही माझ्याकडे आहेत, मी सीबीटी-ई वापरते, म्हणजे खाण्याच्या सवयी आणि त्यामागचे विचार बदलायची थेरपी, पण सुरू करायच्या आधी तुम्हाला एका फिजिशियनकडे पाठवीन, आणि वजन कमी करून देणं हे माझं काम नाही, उपचार चालू असताना तुम्ही दुसरीकडे डाएट करणार असाल तर ते चालणार नाही कारण मग हे उपचार चालतच नाहीत. एवढं सरळ उत्तर मला तोवर कुणी दिलं नव्हतं. तुम्ही फोन कराल तेव्हा हेच प्रश्न विचारा. उत्तर देताना कुणी अडखळलं किंवा आम्ही सगळंच बघतो ताई, या तर खरं, असं म्हणालं तर जरा थांबा.

डिग्रीचं पण बघून घ्या, लाज वाटून घेऊ नका. आपल्याकडे काउन्सेलर अशी पाटी लावायला फार काही लागत नाही, छोटा कोर्स केलेलेही लावतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, यांच्याकडे नोंदणी लागते आणि त्यांचा नंबर असतो, तो मागितला तर द्यायला हवा, मॅडमच्या पावतीवर तो छापलेलाच आहे. सायकायट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर शिकलेले डॉक्टर, औषधं तेच लिहून देतात. पण खरं सांगायचं तर नुसत्या नोंदणीनेही भागत नाही, डिप्रेशन आणि अँक्झायटी उत्तम हाताळणाऱ्या कितीतरी जणांनी खाण्याच्या आजाराचे पेशंट फारसे बघितलेलेच नसतात, म्हणून वरचे प्रश्न.

पहिलं सेशन मोठं होतं, सव्वा तास. वजनकाटा कोपऱ्यात होता पण त्या दिवशी त्यावर उभं केलं नाही. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं आणि त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते सांगा, एवढंच. मी चहा, पोहे वगैरे सांगत होते आणि त्या मध्येच अगदी शांतपणे म्हणाल्या, उलटी कधी केली? केली का असं नाही विचारलं, कधी केली. मला रडू फुटलं. सुटल्यासारखं वाटलं, खरंच. आणि हे सगळं मराठीत बोलता आलं हेही फार मोठं होतं माझ्यासाठी, ऑफिसात दिवसभर इंग्रजी फाडत असले तरी रात्री स्वयंपाकघरात अंधारात उभं राहून जे होतं ते मला इंग्रजीत सांगताच येत नाही.

त्यांनी फिजिशियनची चिठ्ठी दिली आणि रिपोर्ट आल्याशिवाय पुढचं सेशन नाही असं सांगितलं. तेव्हा मला ती कटकट वाटली होती, आता कळतं की चांगला थेरपिस्ट ओळखायची ही मोठी खूण आहे. वारंवार उलट्या केल्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, बाहेरून माणूस ठणठणीत दिसत असतो, ऑफिसला जात असतो, गरबा खेळत असतो. म्हणून रक्ताची तपासणी आणि ईसीजी. माझं पोटॅशियम कमीच निघालं. दातांचंही सांगितलं, उलटीनंतर लगेच ब्रश करायचा नाही, पोटातल्या अॅसिडने दातांवरचं आवरण मऊ झालेलं असतं आणि घासलं की जास्त झिजतं, नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरायची. डेंटिस्टला हे सांगून ठेवा असंही म्हणाल्या, त्यांना तोंडात बघून बहुतेक कळलेलं असतंच. चक्कर येऊन पडलात, छातीत धडधड थांबत नाहीये, उलटीत रक्त दिसलं, तर थेरपिस्टला मेसेज करत बसू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, हे त्यांनी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आहे.

सीबीटी-ई ही पद्धत ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी खास खाण्याच्या आजारांसाठी बसवलेली. वजन फार घसरलेलं नसेल तर साधारण २० सेशन, फार कमी असेल तर ४० पर्यंत. सुरुवातीचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा जायचं असतं. माझं ऑफिस खराडीला, घर सिंहगड रोडला, संध्याकाळचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये, म्हणून आम्ही एक सेशन क्लिनिकमध्ये आणि एक ऑनलाइन असं बसवलं. ऑनलाइन ठीक चाललं पण घरी आई बाहेरच्या खोलीत असताना मोकळं बोलता यायचं नाही, मी गच्चीत जाऊन बोलायचे.

लोकांना वाटतं की थेरपी म्हणजे लहानपण उकरायचं. इथे सुरुवात घड्याळापासून झाली. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन खाणी, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही, बस. काय खायचं हे सुरुवातीला त्यांनी सांगितलंच नाही, कधी खायचं एवढंच. मी म्हटलं एवढं खाल्लं तर मी फुगेन. त्या म्हणाल्या, तुम्ही सकाळपासून उपाशी राहता म्हणून रात्री तुटून पडता, तुटून पडता म्हणून उलटी करता, उलटी केली की अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी परत उपाशी राहता, हे चक्र रात्रीच्या टोकाला धरून थांबवता येत नाही, सकाळच्या टोकाला धरून येतं. मला हे इतकं पटलं कारण मी वर्षानुवर्षं रात्रीच्या टोकालाच भांडत होते, आज रात्री काही झालं तरी नाही खायचं, अशी शपथ रोज घालायची आणि रोज मोडायची. सकाळी पोटभर नाश्ता केलेल्या माणसाला ती शपथ घालावीच लागत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिले काही आठवडे पोट सारखं डब्ब वाटायचं, हे खोटं नाही बोलणार, बद्धकोष्ठही झालं. पण महिन्याभरात रात्रीचं डबे उघडणं निम्म्यावर आलं.

वही ठेवायची. जे खाल्लं ते त्याच वेळी लिहायचं, कुठे होतो, कुणाबरोबर होतो, मनात काय चाललं होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत, फोनमध्ये कॅलरी मोजणारं अॅप होतं ते त्यांच्यासमोर काढून टाकलं. काही दिवस वही कोरी असायची, तेव्हा त्या रागावल्या नाहीत, कोरं पान उघडून म्हणायच्या, चला या दिवसाबद्दल बोलू. आणि वजन आठवड्यातून एकदाच, क्लिनिकमधल्या काट्यावर, दोघींनी मिळून बघायचं आणि आलेखावर मांडायचं. मध्ये कुठेही नाही. घरचा काटा बाबांनी माळ्यावर टाकला. एका आठवड्याच्या आकड्यावरून काहीच ठरवायचं नाही, पाणी, मीठ, पाळी यानेच किलोभर इकडचं तिकडं होतं, निदान चार आठवड्यांची रेघ बघायची. रोज दोनदा काट्यावर चढणाऱ्या माझ्यासारखीला सुरुवातीला हातपाय कापायचे त्याने, आता सेशनला जाईपर्यंत आठवणही येत नाही.

घरच्यांना एका सेशनला बोलावलं होतं, मी हो म्हटल्यावरच. आई आणि बाबा दोघं आले. आई बसल्या बसल्या म्हणाली, मॅडम, माझं काय चुकलं सांगा. मला कसंतरी झालं ते ऐकून. मॅडम म्हणाल्या, काकू, हा आजार कुणा एकामुळे होत नाही, थोडं रक्तातून येतं, थोडं स्वभावात असतं, थोडं आजूबाजूचं असतं, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत सुरुवात कुठल्यातरी डाएटपासून होते, तुमचं काय चुकलं ते शोधण्यात आपण आजचा तास घालवायला नको, घरात आता काय करायचं ते ठरवू. मग ठरलं की घरात कुणाच्याच शरीराबद्दल बोलायचं नाही, माझ्याच नाही, शेजारच्या काकूंच्या नाही आणि मालिकेतल्या हिरॉइनच्याही नाही. बारीक झालीस हे कौतुकही नको. ताटात किती घेतलं त्यावर नजर नको. डब्यांना कुलूप लावायचं नाही. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, साडेआठला, टीव्ही चालला तरी चालेल. आणि उपास बंद. इथे आई अडली, आमच्याकडे संकष्टी पाळतात, मी शाळेत असल्यापासून करतेय. मॅडमनी वाद घातला नाही, श्रद्धेबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, त्या म्हणाल्या सारसबागेत दर्शनाला न्या तिला, अथर्वशीर्ष म्हणा दोघी मिळून, फक्त उपाशी राहणं हे तिच्यासाठी आत्ता औषधाच्या विरुद्ध आहे. आईने दोन दिवस विचार केला आणि मग म्हणाली, अगं आजाऱ्याला उपास माफच असतो की. आणि ती पहिल्यांदाच मला आजारी म्हणाली. तोवर घरात याला नखरे म्हणायचे.

आता केळवणांचं सांगते, कारण इथेच मला कळलं की या बाईंना आपली घरं माहिती आहेत. दादाचं लग्न ठरलं आणि महिनाभर केळवणं, आज आत्याकडे, परवा मोठ्या मावशीकडे, मग बाबांच्या ऑफिसातले काका. पुरणपोळी, जिलबी, मसालेभात, अळूची भाजी, आणि आग्रह, हातावर वाढायचा आग्रह. हा आजार असलेल्या माणसाला केळवण म्हणजे काय असतं ते मी सांगू शकत नाही. परदेशी पुस्तकातून शिकलेला कुणी असता तर म्हणाला असता जाऊ नका. मॅडमनी दोन सेशन त्यावरच घालवली. रात्री केळवण आहे म्हणून दुपारचा डबा टाळायचा नाही, उलट दुपारचं आणि चार वाजताचं खाणं नक्की, कारण भुकेल्या पोटी त्या ताटासमोर बसलात की संपलं. बसायचं दादाच्या शेजारी, त्याला सांगून ठेवायचं, वाढायला आले की तो मध्ये बोलेल. आग्रहाला एकच वाक्य ठरवलं, खूप छान झालंय मावशी, पोट भरलं, आणि तेच वाक्य तीनदा म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत कारण कारण दिलं की त्यावर चर्चा होते. जेवल्यावर तासभर माणसांत राहायचं, भांडी उचलायला मदत करा, पत्ते खेळा, पण एकटीने बाथरूमकडे जायचं नाही. होणाऱ्या वहिनीला मी थोडंसं सांगितलं होतं, ती जेवल्यावर मला हात धरून खाली चालायला घेऊन जायची. ती बाहेरची मुलगी, नवीन, आणि तिने एकदाही काही विचारलं नाही. मी तिची आयुष्यभर ऋणी आहे.

सगळी केळवणं नीट गेली नाहीत. मावशीकडच्या रात्री घरी आल्यावर झालंच. पुढच्या सेशनला मॅडमनी वही उघडली, तो दिवस काढला, आणि दुपारच्या रकान्यावर बोट ठेवलं, ऑफिसात मीटिंग लांबली होती आणि डबा तसाच परत आला होता. बघा, म्हणाल्या, रात्री नऊला जे झालं ते दुपारी दीडला सुरू झालं होतं. दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता. त्यानंतर मी डब्याची वेळ कॅलेंडरमध्ये मीटिंग म्हणून टाकून ठेवली, अजून आहे ती.

पुढच्या टप्प्यात ज्या पदार्थांची भीती वाटते त्यांची यादी केली आणि सोप्यापासून अवघडाकडे एकेक खायला घेतले. माझ्या यादीत तूप-भात होता, ब्रेड होता, बाकरवडी तर अगदी वरती, कारण पुडा फुटला की संपेपर्यंत थांबायचं नाही. चार वाजताच्या खाण्याला चार बाकरवड्या वाटीत काढून, टेबलाशी बसून, चहाबरोबर, दादा समोर. किती साधी गोष्ट आहे ना. मला त्यासाठी कित्येक आठवडे लागले.

औषधाबद्दल थोडं. मॅडम औषध देत नाहीत, त्यांनी मला मध्ये एका सायकायट्रिस्टकडे पाठवलं कारण मन फारच खाली गेलं होतं. बुलिमियात फ्लुऑक्सेटिनचा उपयोग होतो हे जुनं आणि तपासलेलं आहे, डोस वगैरे डॉक्टरच ठरवतील. पण एक सांगते, कुठल्याही कारणासाठी सायकायट्रिस्टकडे जात असाल तर उलट्यांचं लपवू नका, ब्युप्रोपिऑन नावाची डिप्रेशनची गोळी हा आजार असणाऱ्यांना देत नाहीत कारण त्याने फिट येण्याचा धोका वाढतो, आणि तुम्ही सांगितलंच नाही तर डॉक्टरला कळणार कसं.

आता जे आवडलं नाही ते. वेटिंग मोठं आहे, मला दीड महिना थांबावं लागलं आणि या आजारात मनाचा हिय्या करून फोन केलेल्या माणसाला दीड महिना म्हणजे फार, तोवर धीर जातो, त्या काळासाठी त्यांनी काहीतरी सोय करायला हवी असं मी त्यांना सांगितलं आहे. लिफ्ट नाही. अशक्तपणा असलेल्या पेशंटला दोन जिने म्हणजे त्रास आहे, पहिल्या मजल्यावर टेकायला खुर्चीही नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर वजन कमी करून देणाऱ्यांचं दुकान आहे, आधी आणि नंतरच्या फोटोंचा मोठा फ्लेक्स जिन्याच्या तोंडाशी, दर वेळी त्याच्यासमोरून जावं लागतं. मॅडमचा त्यात दोष नाही, जागा भाड्याची आहे, पण मला सुरुवातीला तो फ्लेक्स बघून परत फिरावंसं वाटायचं म्हणून आधीच सांगतेय. वहीचे छापील तक्ते इंग्रजीत आहेत, मी माझे मराठीत आखून घेतले. आणि खाण्याचे आजार कळणारी डाएटिशियन त्यांच्याबरोबर नाहीये, ती असती तर खूप फरक पडला असता.

फी पन्नास मिनिटांचे १८०० रुपये, पहिल्या मोठ्या सेशनचे २५००. चोवीस तासांच्या आत कॅन्सल केलं तर पूर्ण फी लागते. विद्यार्थ्यांसाठी काही स्लॉट कमी फीचे ठेवलेत, पण ते आपण होऊन सांगत नाहीत, विचारावं लागतं. इन्शुरन्सचं म्हणाल तर २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अॅक्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की शारीरिक आजारांना जसा विमा तसाच मानसिक आजारांनाही मिळायला हवा, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, म्हणजे अॅडमिट झाले तर मिळतील, दर आठवड्याच्या सेशनचे मिळत नाहीत. वर्षभरात बऱ्यापैकी खड्डा पडलाय खिशाला, हे लपवण्यात अर्थ नाही, मी नोकरी करते म्हणून जमलं.

ज्यांना हे परवडणारं नाही त्यांनी ससूनला मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जावं, सरकारी केसपेपरच्या पैशात डॉक्टर बघतात, आणि महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था तिथेच आहे जिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तयार होतात. गर्दी असते, पन्नास मिनिटं निवांत मिळतील असं नाही, पण रक्ताची तपासणी, ईसीजी, डॉक्टर सगळं एका आवारात होतं. आणि रात्रीबेरात्री कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे आणि अजून कितीतरी लोकांना माहीत नाही. वेटिंगच्या त्या दीड महिन्यात मला त्याचा आधार झाला होता. खास खाण्याच्या आजाराची हेल्पलाइन नाहीये ती, पण समोरचा माणूस घाईत नव्हता.

मुलांच्या आईवडिलांसाठी एक वेगळं. तुमची मुलगी किंवा मुलगा, हो मुलगेही, शाळा-ज्युनिअर कॉलेजातले असतील आणि खाणं झपाट्याने कमी झालं असेल तर माझ्यासारखी एकटीने करायची थेरपी ही त्यांच्यासाठी पहिली निवड नसते. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये यावर काम सुरू झालं, त्यातून फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट आली, ज्यात आधी जेवणाची सगळी जबाबदारी आईवडील घेतात, मग हळूहळू मुलाकडे परत देतात. मॅडम अशा केसेस घेतात पण मोजक्याच, म्हणून फोनवर मुलाचं वय पहिल्यांदा सांगा. आणि वजन खूप उतरलेलं असेल तर घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालायला सुरुवात करू नका, फार दिवस उपाशी शरीरात अचानक जास्त अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडून जीवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करतात. पाळी बंद झालेली नाही म्हणजे आजार नाही असंही धरू नका, अॅनोरेक्सियाच्या, म्हणजे खाणं आणि वजन फार उतरतं त्या आजाराच्या, निकषांतून ती अट २०१३ मध्येच काढून टाकली आहे.

अजून एक भीती मला होती आणि ती बऱ्याच मुलींना असेल, की हे कुठे कळलं तर, ऑफिसात, किंवा स्थळ बघताना. गोपनीयता हा पेशंटचा कायद्याने दिलेला हक्क आहे, त्याच २०१७ च्या कायद्यात. मॅडमच्या पावतीवर आजाराचं नाव नसतं, क्लिनिकच्या पाटीवरही नुसतं त्यांचं नाव आणि डिग्री आहे, दोन पेशंटच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवतात म्हणून बाहेर कुणी भेटत नाही. माझ्या वेळी आईला काय सांगायचं आणि काय नाही हेसुद्धा त्यांनी आधी मला विचारून घेतलं होतं.

मी पूर्ण बरी झालेय असं म्हणणार नाही. उलट्या बंद होऊन काही महिने झालेत, आरशासमोरचा वेळ अजून हवा तितका कमी झालेला नाही, त्यावर काम चालू आहे. आता महिन्यातून एकदा जाते. पुन्हा घसरायला लागलं तर कुठल्या खुणा दिसतील आणि त्या दिसल्या की काय करायचं याचा एक कागद आम्ही दोघींनी मिळून लिहिलाय, तो माझ्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवलाय, पहिली ओळ नाश्ता टाळणे, दुसरी रात्री घरचे झोपायची वाट बघणे.

पार्किंग खाली मिळत नाही, नळ स्टॉपच्या मेट्रो स्टेशनवरून चालत जाणं सोपं. संध्याकाळचे स्लॉट कायम भरलेले असतात, शनिवार सकाळचे मधूनमधून रिकामे होतात, म्हणून वेटिंगला नाव देताना शनिवार चालेल असं नक्की सांगा.